सोयाबीन चांगलं येतं म्हणून घर चांगलं उभं राहील असं नाही

पत्र: नमस्कार सर. आम्ही बारा जण, जास्त करून शिक्षक आणि दोघं आरोग्य खात्यातले, मिळून परभणी शहराबाहेर एक एकर जमीन घ्यायलोत, प्रत्येकाचं छोटं घर बांधायचं म्हणून. जमीन एकदम सपाट आणि काळीभोर आहे, आत्ता सोयाबीन उभं आहे, एका बाजूनं ओढा जातो पण तो बहुतेक कोरडाच असतो म्हणे. सातबारा, फेरफार, एनए (बिनशेती) होईल का, हे सगळं वकिलांनी बघितलंय. मालक म्हणतो दसऱ्याला इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आमच्यातले एक सर म्हणतात वेगळी तपासणी कशाला, मालकाकडं माती परीक्षणाचा कागद आहे आणि माती एक नंबर आहे. मला मात्र धाकधूक वाटायलीय, कारण माझ्या माहेरच्या घराला सगळीकडं तडे गेलेत. आम्ही नेमकं काय बघायचं, कोणाकडून बघून घ्यायचं आणि खर्च किती? (एक शिक्षिका, परभणी)

ताई, नमस्कार.

तुमची धाकधूक बरोबर आहे. आधी त्या सरांच्या कागदाचं बोलू, कारण हा घोळ लै ठिकाणी होतो. मालकाकडं जो कागद आहे तो शेतीच्या माती परीक्षणाचा, म्हणजे मृद आरोग्य पत्रिका. त्यात सामू असतो, सेंद्रिय कर्ब असतो, नत्र-स्फुरद-पालाश असतं, आणि त्यावरून कळतं की खत किती टाकायचं. त्या मातीवर घराचं वजन टाकलं तर ती किती दबेल, पाणी पिऊन किती फुगेल, खाली मुरूम किती फुटांवर लागतो, यातलं एक अक्षर त्या कागदात नसतं. आणि खरं सांगायचं तर माती शेतीला जितकी एक नंबर तितकी घराला त्रासाची, कारण ज्या गुणामुळं सोयाबीन आणि कपाशी तिच्यात तग धरते, म्हणजे पाणी धरून ठेवणं, तोच गुण पायाच्या मुळावर येतो.

होतं काय की काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं, त्याच्या पातळ पातळ थरांच्या मधी पाणी शिरतं आणि माती फुगते, मग वैशाखात तेच पाणी निघून गेलं की माती आकसते आणि भेगा पडतात. नुसती फुगली-आकसली असती आणि सगळीकडं सारखी असती तर घर आख्खंच्या आख्खं वर-खाली झालं असतं आणि फार बिघडलं नसतं, पण तसं होत नाही. पावसाळ्यात घराच्या बाहेरच्या कडेची माती आधी भिजते, मधली फरशीखालची कोरडीच राहते, एका कोपऱ्यात न्हाणीघराचं पाणी मुरतं, दुसऱ्या कोपऱ्यात कडुलिंबाचं झाड पाणी ओढून घेतं, म्हणजे एकाच घराचे चार कोपरे चार वेगळ्या चालीनं हलतात आणि भिंत मधी फाटते. तुमच्या माहेरच्या घराचे तडे एकदा नीट बघा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरपे निघालेत का, उन्हाळ्यात रुंद होतात आणि पावसाळ्यात थोडे मिटतात का, आणि पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात का. असं असेल तर दोष बहुतेक खालच्या मातीचा आहे आणि वरून कितीही पुट्टी भरली तरी पुढच्या वर्षी ते परत उघडणार.

पण म्हणून मी तुम्हाला जमीन घेऊ नका असं म्हणत नाही. आख्ख्या मराठवाड्याचा मोठा भाग याच मातीवर आहे, परभणीत तर काळ्या मातीशिवाय जागा शोधायची म्हणजे अवघडच, आणि या मातीवर पन्नास वर्षं बिनतड्याची उभी राहिलेली घरंपण आहेत. माझं म्हणणं एवढंच की जमिनीचा भाव आणि पायाचा खर्च हे दोन वेगळे आकडे धरू नका. समजा मुरूम खोल असल्यामुळं प्रत्येक घराच्या पायाला दीड लाख जास्त लागले, तर बारा घरांचे झाले अठरा लाख, म्हणजे ती एकर तुम्हाला अठरा लाखांनी महाग पडली, आणि हे तुम्हाला सौदा पक्का व्हायच्या आधी कळायला पाहिजे, खड्डे खोदायला घेतल्यावर कळून काही फायदा नाही.

आता सुरुवात फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून करा. या रविवारी तुमच्यापैकी तिघं-चौघं जा आणि जमीन बघायच्या आधी शेजारपाजार बघा. आजूबाजूला चार-पाच वर्षांपूर्वी झालेली घरं असतील तर त्यांच्या कंपाउंड वॉल बघा, कारण कंपाउंडला कोणी खोल पाया घेत नाही आणि माती आपलं पहिलं काम तिथंच दाखवते, भिंत लाटेसारखी वर-खाली झालेली किंवा बाहेर कललेली दिसेल. लाइटीचे खांब सरळ आहेत का बघा. मग घरात जाऊन पाणी मागा आणि गप्पा मारा, लोक सांगतात, फक्त "घराला तडे आहेत का" असं विचारू नका (कोण हो म्हणेल?), "पाया किती फूट खोदला, मुरूम किती फुटांवर लागला" असं विचारा. ज्यानं स्वतः उभं राहून घर बांधलंय त्याला हे पाठ असतं.

आणि शेजारच्या शेतातली विहीर बघा. वरून बांधून काढलेली नसेल तर हा तुम्हाला फुकटात मिळालेला सगळ्यात चांगला रिपोर्ट आहे. काठापासून जरा लांब उभं राहून समोरची भिंत बघायची, वर काळ्या मातीचा थर, त्याच्याखाली बऱ्याचदा पिवळसर चिकट माती, त्यात पांढरे चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या (मऊसर खडक), मग खाली काळा पाषाण. इथं एका गोष्टीत लोक फसतात, ती म्हणजे ती पिवळी माती. काळी संपली, रंग बदलला की मिस्त्री म्हणतो "लागला मुरूम" आणि तिथंच पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट) टाकून मोकळा होतो, पण ती पिवळी मातीपण फुगणारी असू शकते. ओळखायचं सोपं आहे, मूठभर घ्या, पाणी टाकून मळा आणि तळहातावर वळून बघा, शेवई वळली जात असेल तर ती माती आहे, मुरूम नाही. मुरूम भिजवला तर रवाळ राहतो आणि हातात मोकळा होतो.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक गंमत अजून सांगतो, गंमत म्हणजे खरं तर ही रीतसर टेस्ट आहे, फ्री स्वेल म्हणतात. शाळेच्या लॅबमधून 100 मिलीचे दोन काचेचे मेजरिंग सिलिंडर घ्या. शेतातली माती, वरची नको, दोन-तीन फूट खालची, वाळवून कुटून बारीक चाळणीनं चाळा (लॅबमध्ये 425 मायक्रॉनची चाळणी वापरतात, तुमच्याकडं मैद्याची चाळण चालेल). दोन्हीत 10-10 ग्रॅम माती टाका, एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल, काडीनं ढवळून आतली हवा काढा आणि 24 तास ठेवा, पोरांपासून आणि आगीपासून लांब. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलातली माती 10 मिलीवर बसली आणि पाण्यातली 15 मिलीवर, तर फुगवटा झाला 50 टक्के. आपल्या भारतीय मानकात 35 च्या पुढं जास्त फुगणारी आणि 50 च्या पुढं अतिशय फुगणारी माती धरतात. घरी केलेल्या टेस्टवर पाया ठरवायचा नसतो, त्याला लॅबच पाहिजे, पण बारा जणांच्या मीटिंगमध्ये ते दोन सिलिंडर टेबलावर ठेवा, माती परीक्षणाच्या कागदावर वाद घालायची वेळच येणार नाही.

आता ओढ्याकडं येऊ, कारण पत्रातल्या "बहुतेक कोरडाच असतो" या वाक्याची मला मातीपेक्षा जास्त काळजी वाटली. मराठवाड्यात सगळेच ओढे बहुतेक कोरडे असतात. 2025 च्या सप्टेंबरात काय झालं ते तुम्ही बघितलंय, धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, परभणी, सगळीकडं शेतं खरवडून गेली, घरात पाणी शिरलं. ओढा बघताना त्यातलं पाणी बघून उपयोग नाही, त्याच्यावरचा पूल किंवा नळकांडी बघा, वरच्या बाजूला किती शिवाराचं पाणी त्याला येऊन मिळतं ते बघा, बाभळीच्या फांद्यांना अडकलेल्या चिंध्या आणि काडीकचरा किती उंचीवर आहे ते बघा, कारण पाणी तिथपर्यंत येऊन गेलंय याची ती सही असते. आणि पुढं तो ओढा कुठं जाऊन मिळतो तेपण बघायचं. दुधना, पूर्णा किंवा गोदावरीला मोठा पूर असला आणि वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असलं की ओढ्याचं पाणी नदीत शिरतच नाही, ते मागं फुगतं, आणि मग तुमच्याकडं पाऊस नसतानापण पाणी येतं.

कागदावर बघायचं म्हणजे, नद्यांना जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. हे 25 वर्षं ऐकून लोक निवांत होतात की गेल्या वर्षी येऊन गेला, आता पंचवीस वर्षं नाही, पण तसं नसतं, त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, लागोपाठ दोन वर्षंपण येऊ शकतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही. छोट्या ओढ्याला अशा रेषा बऱ्याचदा आखलेल्याच नसतात, तिथं राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणं नाल्याच्या काठापासून 9 मीटर आणि नदीच्या काठापासून 15 मीटर सोडावे लागतात. तुमच्या एकरात ओढ्याच्या बाजूचा हा 9 मीटरचा पट्टा काढून टाका आणि मग बारा प्लॉट बसतात का ते परत मोजा, कारण मालक भाव आख्ख्या एकराचा घेणार आहे.

वकिलांनी सातबारा बघितला, चांगलं केलं, पण वकील मालकी बघतो. तुम्ही तोच सातबारा जमीन बघायच्या नजरेनं परत उघडा. पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती आहे आणि कोणत्या वर्गातला आहे ते बघा, ब वर्गाचा पोटखराबा असेल तर तो नाला, रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला असतो, म्हणजे ओढा कागदावर तुमच्या गटात कुठवर शिरलेला आहे याचा अंदाज तिथंच लागतो. मग गाव नमुना 12 मध्ये, पिकाच्या बाजूला, पाण्याचं साधन काय लिहिलंय ते मागच्या दहा-वीस वर्षांचं काढून बघा. एखाद्या वर्षापर्यंत "विहीर" लिहिलेलं आहे आणि नंतर नाही, असं दिसलं तर मालकाला सरळ विचारा की विहीर कुठं गेली.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय. आपल्याकडच्या विहिरी वीस-पंचवीस फूट रुंद आणि पन्नास-पन्नास फूट खोल असतात, बोअर आल्यावर त्या पडीक पडल्या, आणि शहर जवळ आलं की जमीन विकायच्या आधी त्या बुजवल्या जातात, कशानं तर मिळेल त्यानं, माती, विटांचे तुकडे, तोडलेलं काँक्रीट, झाडांची खोडं, गावातला कचरा. वरून दोन ट्रॉल्या काळी माती टाकून नांगर फिरवला की कोणाच्या बापाला कळत नाही. एका कॉलनीत मी बघितलंय, घराचे तीन कॉलम चांगल्या मुरमावर होते आणि चौथा बुजवलेल्या विहिरीच्या कडेवर आला होता, तीन पावसाळे काही झालं नाही, चौथ्याला तो कोपरा इतका खचला की स्लॅबची कड डोळ्यानं तिरपी दिसायला लागली. मालकानं ते घर रिटायरमेंटच्या पैशातून बांधलं होतं. तसंच शेततळ्याचं, तसंच वीटभट्टीसाठी माती उचललेल्या खड्ड्याचं, आणि माळाच्या बाजूला असाल तर मुरूम काढलेल्या खदानीचं. गुगल अर्थवर जुने फोटो बघायची सोय आहे, कॉम्प्युटरवर उघडून वर्षं मागं मागं नेत जा, गोल काळा ठिपका एखाद्या वर्षी दिसतो आणि पुढच्या वर्षी गायब होतो का बघा. आणि शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की या शिवारात मोटा कुठं कुठं चालायच्या. तो हात करून दाखवेल.

आता पैशाची तपासणी, जी मालकानं हो म्हटल्याशिवाय होणार नाही. जमिनीत खड्डे घ्यायचे. भारतीय मानक (आयएस 1892) सांगतं की साधारण 0.4 हेक्टरच्या जागेला चार कोपऱ्यात चार आणि मधी एक, असे पाच खड्डे किंवा बोअर पुरतात, आणि 0.4 हेक्टर म्हणजे बरोबर तुमची एक एकर. ओढ्याच्या कडेचे दोन खड्डे सगळ्यात महत्त्वाचे, कारण ओढे जागा बदलत असतात आणि जुन्या पात्रात गाळ खोलवर भरलेला असतो. जेसीबीनं दहा-अकरा फुटांपर्यंत तरी जाता येतं, तेवढ्यात मुरूम लागला तर छान, नाही लागला तर त्या जागी मशीननं बोअर मारून खालचे नमुने घ्यावे लागतात. खड्ड्यात कोणालाही उतरू देऊ नका, मोजायला नाही आणि फोटोलापण नाही, काळ्या मातीची उभी भिंत सांगून ढासळत नाही. जेसीबीच्या बकेटमधून नमुना वर घ्यायचा, टेप लावलेली काठी खाली सोडायची आणि प्रत्येक थर किती फुटांवर बदलला ते लिहून घ्यायचं. ओली काळी माती फोडल्यावर आत घासून चमकवल्यासारखे गुळगुळीत पृष्ठभाग दिसले तर ते लिहून ठेवा, माती वर्षानुवर्षं फुगून-आकसून स्वतःवरच घासली गेल्याची ती खूण आहे.

हे काम कोणाकडून? जो तुमची घरं बांधणार आहे त्या कॉन्ट्रॅक्टरकडून नको. सॉइल टेस्टिंगची लॅब लागते, जिओटेक्निकल म्हणतात, नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल विभागात चौकशी करा, खासगी लॅबपण आहेत, दोन ठिकाणची लेखी कोटेशन मागवा. पाच खड्डे, नमुने आणि रिपोर्ट मिळून जो आकडा येईल त्याला बारानं भागा, म्हणजे एकाच्या वाट्याला किती येतो ते कळेल. मात्र रिपोर्टमध्ये काय पाहिजे ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर एका पानावर "बेअरिंग कपॅसिटी अमुक टन" (म्हणजे माती किती वजन पेलते) असा एकच आकडा लिहून हातात देतात. तो आकडा एकटा काही कामाचा नाही, कारण काळी माती मे महिन्यात दगडासारखी टणक असते आणि श्रावणात तीच पायाखाली रुतते, मग तुम्ही कोणत्या महिन्यातला आकडा खरा धरणार? भिजलेल्या अवस्थेतली ताकद, फ्री स्वेल, लिक्विड लिमिट (किती पाण्यावर माती पातळ होते), फुगण्याचा दाब, प्रत्येक खड्ड्यातले थर फुटांत, पाणी किती खोलीवर लागलं आणि त्यावरून पायाची शिफारस, एवढं सगळं मागा.

रिपोर्ट आल्यावर ढोबळ हिशोब असा असतो. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर निश्चिंत व्हा, काळी पूर्ण काढून फुटिंग (कॉलमचा रुंद तळ) मुरमावर टेकवायचं आणि खड्डा परत भरताना तीच काळी माती आत लोटायची नाही, मुरूमच भरायचा. सात-आठ फूट असेल तर कॉलम लांबतात, खोदाई वाढते, लोखंड वाढतं, पण होऊन जातं, फक्त प्लिंथ बीम (जोत्याची आडवी बीम) मातीवर टेकवायची नाही, तिच्याखाली थोडी मोकळी जागा ठेवायची म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. त्याहून खोल असेल तर अंडर-रीम पाइल हा रस्ता आहे, म्हणजे जमिनीत गोल भोक घेऊन खालच्या टोकाला ते फुगवट्यासारखं रुंद करायचं, खोडाच्या साधारण अडीच पट, आणि सळई टाकून काँक्रीट भरायचं. खोल काळ्या मातीत त्याची लांबी कमीत कमी 3.5 मीटर पाहिजे असं मानक सांगतं, म्हणजे जिथं ओल वर्षभर सारखी राहते तिथं तो रुतून बसतो. काम चांगलं आहे पण करणारा माहीतगार पाहिजे, तुमच्या भागात कोणी केलेलं असेल तर जाऊन ते घर बघून या, नुसत्या बोलण्यावर काम देऊ नका. फरशीखालची काळी मातीपण काढायची, त्या जागी न फुगणारा चिकट मुरूम थरथरानं पाणी मारून दाबायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी हेच तंत्र अभ्यास करून बसवलं होतं, फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा न फुगणारा थर दाबून भरला की खालचा फुगवटा वर पोचत नाही, कालव्यांना ते वापरलं गेलं.

भूकंपाचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत जमीन हलली तेव्हा तो सगळा भाग नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. धक्का 6.2 तीव्रतेचा होता, पण माणसं गेली ती जास्त करून मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन. 2002 ला नकाशा बदलला आणि झोन 1 काढूनच टाकला. तुमच्या शेजारच्या हिंगोलीत 2024 च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये 4.5 चे धक्के बसले, परभणीतपण लोक घराबाहेर आले होते, तुम्हालाही आठवत असेल. म्हणून इंजिनिअरला सांगून ठेवा की डिझाइन भूकंपाचं धरूनच करायचं, आणि भरावावर किंवा ओढ्याच्या जुन्या गाळावर तर एकही घर घ्यायचं नाही, मोकळ्या भरावावर घर असलं तर धक्क्यात तो भराव बसतो आणि घर सोबत घेऊन बसतो. ओढ्याकडचे खड्डे खराब निघाले तर ती बाजू बगिच्याला आणि पोरांच्या खेळायला सोडा, कायद्यानं मोकळी जागा सोडावीच लागते, ती तिथं टाका.

आणखी एक गोष्ट बारा घरं एकत्र येताना हमखास विसरली जाते. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही, पाणी मुरतच नाही, एका घराचं कसंबसं भागतं पण बारा घरांचं सांडपाणी एका एकरात मुरवायचं म्हटलं तर दोन वर्षांत सगळीकडं दलदल आणि तेच पाणी फिरून पायाखाली. नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची गटार तिथपर्यंत आली आहे का, कधी येणार, हे लेखी विचारा, आणि नाही येणार असं उत्तर आलं तर सांडपाण्याची एकत्र सोय कुठं करायची त्याची जागा आणि खर्च आत्ताच धरा. घराभोवती तीन-चार फुटांचा बाहेर उतार दिलेला पक्का ओटा, छताचं पाणी पाइपनं लांब नेणं, आणि लिंब-सुबाभूळ-वडासारखी झाडं भिंतीपासून लांब लावणं, हे नंतरचं आहे पण प्लॉट पाडताना त्याला जागा ठेवावी लागते. पिण्याच्या पाण्याचं शेजारच्या बोअरवाल्यांना विचारा, पण एप्रिल-मेमध्ये पाणी किती वेळ चालतं ते विचारा, आत्ताचं नको. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आपल्याकडं दसऱ्याच्या पाण्यावरून वर्षाचा हिशोब धरता येत नाही.

राहिला मालक आणि त्याचा दसरा. दुसरं गिऱ्हाईक असेलही, त्याच्या दबावात येऊ नका आणि मालकाशी वाकडंपण घेऊ नका. आत्ता सोयाबीन उभं आहे, रान ओलं आहे, जेसीबी आत घातला तर पीक तुडवलं जाईल आणि मशीनपण रुतेल, तो नाही म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. त्याला म्हणा, दसऱ्याला छोटा इसार देतो, पण इसारपावतीत वकिलाकडून तीन ओळी घालून घेतो: सोयाबीन काढल्यावर, वाफसा आला की हरभरा पेरायच्या आधी आम्हाला पाच खड्डे घेऊ द्यायचे आणि ते आमच्या खर्चानं बुजवून देऊ, खड्ड्यात बुजवलेली विहीर, भराव किंवा ठरलेल्या खोलीपर्यंत मुरूम न लागणं असं काही निघालं तर इसार परत मिळेल किंवा भाव परत ठरेल, आणि सरकारी मोजणी होऊन ओढ्याचा पट्टा वगळून जे क्षेत्र हातात येईल त्याचेच पैसे. "ठरलेली खोली" मोघम ठेवू नका, इंजिनिअरला विचारून आकडा लिहा. सोयाबीन निघणं आणि हरभऱ्याची पेरणी यात मोजके दिवस मिळतात, त्यामुळं लॅबवाल्याशी आणि जेसीबीवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, त्याच वेळी तोपण गडबडीत असतो. खड्ड्यांची आणि मोजणीची अट लिहून द्यायला मालक अजिबातच तयार झाला नाही, तर इसार देऊ नका, त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती जमीन खुशाल घेऊ द्या, आणि माळाच्या बाजूला जरा लांब का होईना पण मुरूम वर असलेली एखादी जागा बघायला लागा.